डोळ्यांसमोरची कोंबडी आणि चार अंशांची शिस्त

नाशिक जिल्ह्याचे नाव निघाले की द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो ही पिके डोळ्यांपुढे येतात. परंतु गेल्या काही दशकांत याच जिल्ह्यात द्राक्षबागांच्या आणि कांदाचाळींच्या शेजारी जाळीच्या भिंतींच्या लांबट शेड उभ्या राहिल्या असून मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबडीचा, म्हणजे ब्रॉयलरचा, जोडधंदा येथे चांगलाच रुजला आहे. यातील बराचसा व्यवसाय करार पद्धतीने चालतो. कंपनी एक दिवसाची पिल्ले, खाद्य, औषधे आणि पशुवैद्यकाचा सल्ला पुरवते, शेतकरी शेड, पाणी आणि कष्ट पुरवतो, आणि साधारण ३५ ते ४२ दिवसांत पक्षी दोन किलोंच्या आसपास भरला की कंपनी तो उचलून शेतकऱ्याला किलोमागे वाढीचा मोबदला देते. इथवरचा सारा कारभार वहीत मांडलेला आणि हिशेबी असतो. शेडच्या दारातून पक्षी बाहेर पडला की मात्र त्याची वाट दुभंगते. बहुसंख्य पक्षी क्रेटमध्ये भरून जिवंतच शहरातील चिकन सेंटरांकडे किंवा रातोरात कसारा घाट उतरून मुंबईकडे जातात, तर उरलेले थोडे यांत्रिक प्रक्रिया केंद्राकडे वळतात. मांसप्रक्रिया केंद्रातील अन्नसुरक्षेचे शास्त्र या दुसऱ्या वाटेवर घडले आहे. पण पहिल्या वाटेवर ग्राहकाचा विश्वास कशावर बसलेला असतो हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या शास्त्राचे वेगळेपण कळत नाही.

दुकानासमोर उभा असलेला ग्राहक जिवंत पक्षी पाहतो, पसंत करतो, तो डोळ्यांसमोर कापला आणि सोलला जातो, आणि पंधरा मिनिटांत अजून ऊबदार असलेले मांस पिशवीत घेऊन तो घरी जातो. या पद्धतीला अडाणीपणा म्हणून हिणवणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. वाहतुकीत मेलेली किंवा आजारी कोंबडी आपल्या गळ्यात मारली जाईल ही ग्राहकाची भीती पूर्णपणे वास्तव असून, त्या भीतीवर पक्षी जिवंत पाहून घेण्याइतका खात्रीचा आणि बिनखर्चाचा दुसरा उपाय नाही. अडचण एवढीच की या पाहणीतून पक्षी जिवंत होता हे सिद्ध होते, मांस स्वच्छ आहे हे होत नाही. रक्त निथळण्यासाठी पक्षी ज्या पिंपात टाकला त्या पिंपात सकाळपासून किती पक्षी पडले, लाकडी ठोकळ्याच्या भेगांत काय साठले आहे, पिसे धरणाऱ्या हातांनीच कलेजी उचलली का, आणि ज्या बादलीत सुरा बुडवला तिचे पाणी केव्हा बदलले, या गोष्टी ग्राहकाच्या डोळ्यांसमोर असूनही त्याला दिसत नाहीत, कारण जिवाणू दिसत नाहीत. प्रक्रिया केंद्राला याच्या नेमक्या उलट अडचणीला तोंड द्यावे लागते. त्याला जिवंत पक्षी दाखवता येत नाही. दाखवायची असते ती तापमानाची, वेळेची आणि पाण्याची नोंद, आणि ती नोंद पाहण्याची सवय ग्राहकाला नसते.

निरोगी जनावराच्या स्नायूच्या आत जिवाणू जवळजवळ नसतात. ते कातडीवर, पिसांत, केसांत, पायांना चिकटलेल्या विष्ठेत आणि मुख्यतः आतड्यांत कोट्यवधींच्या संख्येने राहतात. त्यामुळे मांसप्रक्रियेतील स्वच्छतेचा सारा खटाटोप दोन कामांचा असतो : जे बाहेर आहे ते आत येऊ न देणे, आणि जे थोडे आलेच त्याला वाढायला वेळ व ऊब न मिळू देणे. दुसरे काम किती निकडीचे आहे हे साध्या गणिताने समजते. अनुकूल उष्णतेत अनेक जिवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे एका जिवाणूचे चार तासांत चार हजारांवर आणि सात तासांत वीस लाखांवर जिवाणू होऊ शकतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा अन्नसुरक्षेत धोक्याचा मानला जातो, आणि एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळीसच्या आसपास असताना दुकानातील आकड्याला टांगलेले मांस दिवसभर या पट्ट्याच्या मधोमधच असते.

आधुनिक कुक्कुटमांस केंद्राची रचना पाहिली तर ती या दोन कामांभोवतीच विणलेली दिसते. खरे तर काम केंद्राच्या बाहेर, शेडमध्येच सुरू होते. पक्षी उचलण्यापूर्वी आठ ते बारा तास त्यांचे खाद्य बंद ठेवून फक्त पाणी दिले जाते, कारण भरलेले आतडे पुढे पोट उघडताना फुटले तर त्यातील घाण थेट मांसावर सांडते. हा उपवास फार लांबला तर आतड्याची भिंत कमकुवत होऊन ते उलट अधिक सहज फाटते, त्यामुळे गाडी घाटात अडकली किंवा केंद्रावर रांग लागली तर त्याचा परिणाम काही तासांनी मांसावर उमटतो. केंद्रात आल्यावर पक्षी पायांनी फिरत्या साखळीच्या आकड्यांना अडकवले जातात. या खोलीत मंद निळसर प्रकाश ठेवतात, कारण त्यात पक्ष्यांना कमी दिसते आणि ते फडफडत नाहीत. फडफड कमी म्हणजे धूळ, पिसे आणि विष्ठेचे कण कमी. त्यानंतर मान कापणे, रक्त निथळण्यासाठी दीड-दोन मिनिटांचा अवधी, आणि मग पिसे सैल करण्यासाठी ५० ते ६० अंशांच्या गरम पाण्याच्या टाकीतून प्रवास.

ही गरम पाण्याची टाकी आणि तिच्यापुढचे पिसे काढणारे यंत्र ही केंद्रातील सर्वांत अस्वच्छ जागा असते, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. शेकडो पक्षी एकाच पाण्यातून जातात, आणि फिरत्या रबरी बोटांचे यंत्र एका पक्ष्याच्या कातडीवरील जिवाणू दुसऱ्याच्या उघड्या पडलेल्या पिसांच्या छिद्रांत चोळत जाते. म्हणूनच टाकीतील पाणी पक्ष्यांच्या प्रवासाच्या उलट दिशेने वाहते ठेवतात, जेणेकरून पुढे जाणाऱ्या पक्ष्याला उत्तरोत्तर अधिक स्वच्छ पाणी लागावे. महाराष्ट्रातील दुकानदार पिसे न उपटता कातडीसकट पक्षी सोलतो, आणि कातडीबरोबर तिच्यावरचे बहुतेक जिवाणूही निघून जातात, ही या तुलनेत दुकानाच्या बाजूने मान्य करण्याजोगी गोष्ट आहे. मात्र कातडी ओढणारी बोटे लगेच मांसावर टेकतात आणि हा लाभ बराचसा तिथेच वाया जातो. केंद्रात पिसे निघाल्यावर साखळी एका भिंतीतील खिडकीतून पलीकडे जाते, आणि ही भिंतच केंद्राच्या रचनेचा कणा असते. तिच्या अलीकडे ‘मळका विभाग’ आणि पलीकडे ‘स्वच्छ विभाग’ असतो. हवा पलीकडून अलीकडे वाहते, दोन्हीकडच्या कामगारांचे कपडे, बूट आणि येण्याजाण्याची दारे वेगळी असतात, आणि मळक्या विभागातील माणसाने अंघोळ व कपडेबदल केल्याशिवाय त्या दिवशी स्वच्छ विभागात पाऊल टाकायचे नसते.

स्वच्छ विभागात पोट उघडून आतडी, पोटा, कलेजी आणि हृदय बाहेर काढले जाते, आणि येथे सुरीच्या टोकाचा अर्ध्या सेंटिमीटरचा चुकारपणाही महागात पडतो. आतडे फुटलेला पक्षी साखळीवरून बाजूला काढून त्याचा दूषित भाग कापून टाकावा लागतो. नुसते पाण्याने धुऊन भागत नाही, कारण पाणी घाण पसरवण्याचेही काम करते. सुऱ्यांसाठी जागोजागी ८२ अंश तापमानाच्या पाण्याच्या छोट्या पेट्या बसवलेल्या असतात. प्रत्येक कामगाराकडे दोन सुऱ्या असाव्यात, एक हातात आणि दुसरी त्या पेटीत, ही पद्धत जगभर रूढ आहे. एकच सुरी असली की ती घाईने पाण्यात बुडवून लगेच काढली जाते आणि तेवढ्या क्षणात पात्यावरची चरबीसुद्धा वितळत नाही. शिवाय सुरी आधी साध्या पाण्याने धुऊन मगच पेटीत ठेवायची असते, कारण रक्त लागलेले पाते थेट गरम पाण्यात गेले तर रक्तातील प्रथिने पात्यावर शिजून चिकटतात आणि त्यांच्या आड जिवाणू सुरक्षित राहतात. तपासनीसाने एखाद्या केंद्रात पाऊल टाकल्यावर इतर सारे सोडून आधी या पेट्यांमध्ये तापमापी बुडवावी; पाणी कोमट निघाले तर बाकीच्या कागदपत्रांवर किती विश्वास ठेवावा हे त्याचे त्याला कळते.

कामगारांसाठीचे नियम वरवर किरकोळ वाटतात, पण ते पाळून घेणे हेच व्यवस्थापनाचे सर्वांत अवघड काम ठरते. केसांवर जाळी, तोंडावर पट्टी, कापलेल्या नखांची रोजची पाहणी, वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, जुलाब किंवा हातावर पिकलेली जखम असेल तर त्या दिवशी मांसापासून दूरचे काम, हे नियम कागदावर सर्वांना मान्य असतात. पण रोजंदारी बुडण्याच्या भीतीने कामगार जुलाब लपवतो, आणि आजारपणाच्या दिवसाचे वेतन न देणारे केंद्र स्वच्छतेच्या फलकांवर कितीही खर्च करीत असले तरी या एका काटकसरीने ते सारे फोल करते. हाडे काढण्याच्या आणि आवेष्टनाच्या विभागांत बांगड्या, अंगठ्या आणि मंगळसूत्र बाहेर काढून ठेवावे लागते. बांगडीची काच मांसात पडली तर धातुशोधक यंत्रालाही ती सापडत नाही, हे कारण नीट समजावून सांगितले आणि दागिने ठेवायला कुलपाची पेटी दिली तर विरोध मावळतो, नुसत्या दंडाच्या धाकाने मावळत नाही. जखमेवर लावायची पट्टी निळी असते, कारण निळ्या रंगाचे मांस नसते आणि ती सुटून पडली तर पटकन नजरेस येते. तिच्यात धातूची बारीक पातही घातलेली असते.

यानंतरचा टप्पा थंड करण्याचा. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि पोट रिकामे झाल्यावर मांसाच्या गाभ्याचे तापमान लवकरात लवकर ४ अंशांवर आणायचे असते. यासाठी बर्फाच्या पाण्याच्या लांब टाक्या वापरतात. पक्षी एका टोकाने आत जातात, मळसूत्रासारखा फिरणारा दांडा त्यांना हळूहळू पुढे ढकलतो आणि पाणी समोरून येते. या पाण्यात क्लोरीन मिसळलेले असते, पण क्लोरीन किती टाकले हे येथे फारसे महत्त्वाचे नसते. रक्त, चरबी आणि मांसाचे कण क्लोरीनला खाऊन टाकतात, त्यामुळे मोजायचे असते ते शिल्लक राहिलेले, म्हणजे ‘मुक्त’ क्लोरीन. पाणी किंचित आम्ल असेल तरच ते जिवाणूंवर नीट काम करते, म्हणून पाण्याचा सामूही पाहावा लागतो. सामू म्हणजे आम्लता दाखवणारे माप. सात हा उदासीन आकडा आणि त्याखाली आम्लता वाढत जाते. युरोपीय संघाने १९९७ पासून क्लोरीनच्या पाण्यात धुतलेली कोंबडी नाकारली आहे. क्लोरीन विषारी ठरते असे त्यामागचे मुख्य म्हणणे नाही; शेवटच्या धुण्याच्या भरवशावर शेतापासूनच्या स्वच्छतेत ढिलाई येते, असा तो आक्षेप आहे. अमेरिकेला हा आक्षेप मान्य नाही आणि त्यावरून दोघांत जुना व्यापारी वाद आहे. भारतीय परिस्थितीत, जेथे मुळात प्रक्रियेसाठी येणारे पाणी पिण्यायोग्य आहे की नाही याचीच आधी खात्री करावी लागते, क्लोरीन सोडून देण्याची चैन परवडणारी नाही. पण युरोपच्या आक्षेपातील मर्म येथेही तितकेच लागू आहे.

बोकडाच्या मांसाला घाईने थंड करणे मात्र अंगाशी येते. प्राणी मेल्यावर स्नायूत साठलेल्या ग्लायकोजेन या पिष्टासारख्या द्रव्यापासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि काही तासांत मांसाचा सामू सुमारे ७ वरून ५.६ च्या आसपास उतरतो. ही आम्लता मांसाचे नैसर्गिक संरक्षण असते. कत्तलीपूर्वी उपाशी, तहानलेल्या, लांबच्या प्रवासाने दमलेल्या किंवा घाबरलेल्या जनावराचे ग्लायकोजेन आधीच संपून गेलेले असल्याने त्याच्या मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही, ते गडद, कोरडे दिसते आणि लवकर नासते. जनावराला विश्रांती आणि पाणी द्यावे ही सूचना म्हणूनच दयेची आहे तितकीच टिकाऊपणाचीही आहे. आम्ल तयार होण्याआधीच मांस १० अंशांच्या खाली नेले तर स्नायूंचे तंतू आकसून ते चिवट होते, आणि बोकडाचे धड लहान व कमी चरबीचे असल्यामुळे ते पटकन थंड होऊन या दोषाला अधिक बळी पडते. नाशिककराला शीतगृहातले मटण चामट लागते ही तक्रार नेहमीच कल्पनेतली नसते. घाईने थंड केलेल्या मटणाबाबत ती शास्त्रशुद्ध आहे. थंड करण्याचा वेग टप्प्याटप्प्याने सांभाळणे हे कौशल्य आहे आणि ते जेथे नाही तेथे ग्राहक पुन्हा गरम मटणाकडे वळतो, यात त्याचा दोष नाही.

थंडीलाही मर्यादा आहे. साल्मोनेला हा अंडी व कोंबडीतून पसरणारा जिवाणू ५ अंशांखाली जवळजवळ वाढत नाही, पण लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हा जिवाणू शीतपेटीतही सावकाश वाढत राहतो. सॉसेज, सलामी, कोल्ड कट अशा तयार पदार्थांत त्याचा धोका सर्वाधिक असतो, कारण असे पदार्थ घरी पुन्हा न शिजवता खाल्ले जातात. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ साली पोलोनी नावाच्या, पावात घालून खाल्ल्या जाणाऱ्या स्वस्त मांसाच्या पदार्थातून लिस्टेरियाची साथ पसरली. १,०६० जणांना लागण आणि २१६ मृत्यू नोंदवले गेलेली ती जगातील या आजाराची सर्वांत मोठी नोंदलेली साथ ठरली आणि तिचे मूळ पोलोक्वाने येथील एका कारखान्यात सापडले. पदार्थ कारखान्यात नीट शिजतो, जिवाणू मरतात, पण शिजल्यानंतर काप करण्याच्या यंत्रावर, जमिनीतील गटारीच्या जाळीवर किंवा छतावरून ठिबकणाऱ्या दमट थेंबांत लिस्टेरिया दबा धरून असतो आणि तेथून पुन्हा पदार्थावर बसतो. म्हणून अशा कारखान्यांत मांसाचे नमुने घेतात त्यापेक्षा जास्त वेळा गटारीचे, यंत्रांच्या सांध्यांचे आणि चाकांचे बोळे तपासणीला पाठवले जातात.

तयार माल तपासून सुरक्षितता सिद्ध होत नाही, हा विचार आज इतका प्रस्थापित आहे की त्याचे वय फारसे नाही याचा विसर पडतो. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या अवकाश संस्थेसाठी अंतराळवीरांचे अन्न बनवताना पिल्सबरी कंपनी आणि अमेरिकी लष्कराची नॅटिक येथील प्रयोगशाळा यांच्यापुढे प्रश्न आला की अन्न शंभर टक्के सुरक्षित आहे हे सांगायचे तर जवळजवळ सारा माल तपासणीतच संपून जाईल. त्यांनी मग मालाऐवजी प्रक्रियाच तपासायला घेतली : कोणत्या पायरीवर कोणता धोका संभवतो, त्यांपैकी कोणती पायरी हुकली तर पुढे दुरुस्ती नाही, तेथे कोणते माप किती असावे, ते कोणी केव्हा मोजावे आणि माप चुकले तर त्या मालाचे काय करावे. हीच पुढे ‘हॅसेप’ या नावाने ओळखली जाणारी, धोक्याचे विश्लेषण करून निर्णायक नियंत्रण-बिंदू ठरवण्याची पद्धत होय. मांस उद्योगात ती कायद्याने यायला मात्र मोठी दुर्घटना घडावी लागली. १९९३ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या पश्चिम भागात एका बर्गर साखळीतील अर्धवट शिजलेल्या खिम्यातून इ. कोलाय ओ१५७:एच७ या जिवाणूची बाधा झाली, सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. त्यानंतर १९९६ साली तेथील सर्व मांस केंद्रांना ही पद्धत टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली.

कुक्कुट केंद्रात शीतटाकीनंतरचे मांसाचे तापमान हा असाच एक निर्णायक बिंदू असतो, आणि पद्धतीची खरी कसोटी माप चुकल्यावर लागते. दुपारी तीनच्या नोंदीत गाभ्याचे तापमान ४ ऐवजी ७ अंश आढळले तर केवळ तीन वाजताचा माल अडवून चालत नाही. शेवटची बरोबर नोंद दोनची असेल तर दोन ते तीन या वेळात निघालेला सारा माल बाजूला ठेवावा लागतो, आणि नोंदी चार तासांनी घेतल्या जात असतील तर चार तासांचा. वारंवार मोजणे हे त्रासाचे वाटले तरी ते नुकसान कमी ठेवण्याचा उपाय आहे, हे व्यवस्थापकाला उमगले की नोंदवही भरण्याचे काम कारकुनी राहत नाही. जिथे ते उमगलेले नसते तिथे वहीत महिनाभर एकाच शाईने, एकाच वळणाने, प्रत्येक तासाला बरोबर ‘४.०’ लिहिलेले आढळते. जिवंत यंत्रे इतकी आज्ञाधारक नसतात, आणि अनुभवी तपासनीस अशा निर्दोष वहीकडे सर्वांत जास्त संशयाने पाहतो.

भारतात मांसपदार्थांसाठी १९७३ चा मांस अन्न उत्पादने आदेश होता. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने असे विखुरलेले आदेश एका छत्राखाली आणले आणि ५ ऑगस्ट २०११ पासून परवाने व नोंदणीचे नियम लागू झाले. या नियमांच्या चौथ्या अनुसूचीचा चौथा भाग खास कत्तलखाने, मांसप्रक्रिया केंद्रे आणि मांसविक्रीच्या दुकानांसाठी आहे. २०११ च्या रचनेनुसार दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंत कत्तल करणाऱ्याला केवळ नोंदणी, ५० ते १,००० पक्ष्यांसाठी राज्याचा परवाना आणि त्यापुढे केंद्रीय परवाना अशी पायरी ठरली. राज्याच्या पातळीवर अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे, तर कत्तलखाने आणि मांसबाजार यांची परंपरागत जबाबदारी महापालिकेकडे आहे. १९८२ साली स्थापन झालेल्या नाशिक महानगरपालिकेसारख्या संस्थेच्या वाट्याला ही जबाबदारी शहर झपाट्याने पसरत असताना आली. दोन यंत्रणांच्या मधल्या फटीत छोटे दुकान अलगद बसते. दुकानाच्या आवारात कत्तल करू नये असे नियम सांगतात, पण चिकन सेंटरचा सारा व्यवसायच त्यावर उभा आहे. शेजारच्या गुजरातमध्ये २०२३ साली महापालिकांनी अशी दुकाने बंद केली तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि कायद्याच्या दृष्टीने कोंबडी हा प्राणी आहे का, यावर तेथे गंभीर युक्तिवाद झाले. नियम लिहिणाऱ्यांच्या नजरेपुढे बाजार कोणता होता असा प्रश्न त्या बातम्या वाचताना पडतो.

मोठ्या जनावरांच्या बाबतीत कायद्याचा भर पशुवैद्यकावर आहे. कत्तलीपूर्वी जिवंत जनावराची आणि कत्तलीनंतर त्याच्या यकृत, फुप्फुसे व लसिका ग्रंथींची तपासणी झाल्याशिवाय मांस बाहेर जाऊ नये, आणि २००१ च्या कत्तलखानाविषयक नियमांनुसार एका पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा अधिक जनावरे तपासू नयेत. हा आकडा शहाणपणाचा आहे. क्षयाची गाठ किंवा यकृतातील कृमी शोधायला वेळ लागतो. पण साल्मोनेला डोळ्यांनी दिसत नाही, आणि शिक्का मारण्यापुरती उरलेली तपासणी या जिवाणूला अडवू शकत नाही, त्यामुळे पशुवैद्यकाची नजर आणि हॅसेपची वही या दोहोंची जोडी लागते.

जिवंत पक्ष्यांच्या वाहतुकीचा धोका नाशिक महसूल विभागाने फार जवळून अनुभवला आहे. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कुक्कुटपालन केंद्रांमध्ये पक्षी मरू लागले, भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत नमुने तपासले गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक जाहीर झाला. लाखो पक्षी नष्ट करण्यात आले, पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यात रोग आढळला, आणि २०२१ साली नवापूर पुन्हा त्याच संकटात सापडले. हा विषाणू ७० अंशांवर शिजवलेल्या मांसात टिकत नाही, त्यामुळे रश्शातल्या कोंबडीपासून धोका नव्हता. धोका होता तो जिवंत पक्षी हाताळणाऱ्याला, आणि तो पसरत होता एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर न धुता जाणाऱ्या क्रेटमधून. घबराटीत लोकांनी नेमके उलट केले : शिजवलेली कोंबडी खाणे सोडले आणि क्रेटकडे कोणी पाहिले नाही. गाड्या व क्रेट धुऊन निर्जंतुक करण्याची जागा प्रक्रिया केंद्रात फाटकाजवळच असते. शहरातल्या शेकडो दुकानांपुढे ती असणे शक्य नाही.

मांसात राहणाऱ्या औषधांच्या अंशांचे गणितही शेडमध्येच सुटते किंवा बिघडते. औषध थांबवल्यापासून कत्तलीपर्यंत जाऊ द्यायच्या दिवसांना प्रतीक्षाकाळ म्हणतात. २०१२ मध्ये औषध नियमांत झालेल्या सुधारणेनुसार ज्या पशुऔषधाचा प्रतीक्षाकाळ निश्चित झालेला नाही त्यासाठी मांसाच्या बाबतीत तो किमान २८ दिवसांचा धरावा लागतो. चाळीस दिवस जगणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की पहिल्या बारा-तेरा दिवसांनंतर असे औषध देताच येत नाही. माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुपालनातील वापर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केला. या नियमांचे पालन झाले की नाही हे मांसाकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. त्यासाठी शेडची वही, खाद्याच्या गोणीचा क्रमांक आणि प्रयोगशाळेचा अहवाल एका धाग्याने जोडलेले असावे लागतात.

असा धागा विणणे नाशिकला नवे नाही, आणि या प्रकरणातील सर्वांत खटकणारी बाब तीच आहे. २०१० साली युरोपात पाठवलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडले, माल अडकला आणि बागायतदारांना जबर फटका बसला. आज निर्यातीच्या बागेची कृषी विभागाकडे नोंदणी होते, घडांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातात, आणि कृषी निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत पेटीवरच्या क्रमांकावरून युरोपातल्या गोदामातून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. प्रीकूलिंग, रीफर कंटेनर आणि अवशेष चाचणी हे शब्द पिंपळगाव-दिंडोरीच्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहेत. त्याच शेतकऱ्याच्या शेडमधून निघालेला पक्षी शहरातील दुकानात पोहोचतो तेव्हा त्याच्यामागे कोणताच क्रमांक नसतो. परदेशी ग्राहक माल परत पाठवू शकतो म्हणून द्राक्षांची वही झाली. गावातला ग्राहक तेवढ्या ताकदीचा नाही, एवढाच या दोहोंतला फरक आहे.

घरच्या चुलीवर बरेच काही निभावून जाते. काळ्या मसाल्यात तासभर रटरटणारे मटण आणि पूर्ण शिजलेली कोंबडी हा भारतीय स्वयंपाकघरातला शेवटचा आणि भक्कम नियंत्रण-बिंदू आहे. मात्र कच्ची कोंबडी नळाखाली धुताना उडणारे तुषार भांड्यांवर बसतात, आणि ज्या विळीवर वा पाटावर ती कापली त्यावरच कांदा-कोथिंबीर चिरली तर कोशिंबिरीच्या वाटीतून जिवाणू न शिजताच ताटात येतो.

पुरेशा प्रमाणात यांत्रिक केंद्रे उभी राहून दुकाने केवळ थंड मांस विकू लागतील, असे गृहीत धरून नियम लिहिले गेले आहेत. पण थंडीला विजेचे बिल लागते आणि मागणी बारा महिने सारखी नसते. आषाढ संपताना दुकानांपुढे रांगा लागतात आणि श्रावण लागताच गिऱ्हाईक निम्म्यावर येते. चिकन सेंटरवाला त्या महिन्यात पक्षी कमी मागवून मोकळा होतो. केंद्राला मात्र तेव्हाही कॉम्प्रेसर चालूच ठेवावे लागतात. शेडमधले पक्षी वेळेवर उचलावेच लागत असल्याने न खपलेला माल उणे ३५-४० अंशांच्या झोतात गोठवून उणे १८ अंशांवर साठवावा लागतो. हा गोठवलेला माल नीट राखला तर कित्येक महिने सुरक्षित असतो. नवरात्रानंतर तो बाजारात येतो तेव्हा पाकिटाच्या आत बर्फाचे मोठे खडे किंवा तळाशी गोठलेले लालसर पाणी दिसत असेल, तर तो वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठला आहे असे समजावे. आणि पाकिटावरची उत्पादनाची तारीख श्रावणातली असेल तर त्यात बिचकण्यासारखे काही नाही.